आई-बाबांना अस्सल अमेरिकन ब्रेकफास्टला न्यायचंय. कुठे नेऊ, काय मागवू?

रेवती_नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीहून आलेत, ऑक्टोबरअखेरपर्यंत इथेच आहेत. म्युझियम, तलाव, मंदिर सगळं झालं. बाबांच्या मनात मात्र एकच गोष्ट आहे. जुन्या इंग्रजी सिनेमांत दिसतं तसं लांबलचक काउंटर, गोल फिरती स्टुलं, कॉफीचं भांडं हातात घेऊन फिरणारी बाई, अशा ठिकाणी सकाळी बसून नाश्ता करायचाय त्यांना.

घराजवळच्या एका ठिकाणी नेलं होतं. ऑर्डर घेणारी मुलगी एका दमात विचारत सुटली, अंडी कशी, टोस्ट कुठला, बटाटे कसले, सोबत काय. बाबा गांगरले आणि सगळ्यालाच "काहीही चालेल" म्हणाले. आईने नुसता टोस्ट खाल्ला आणि "पोट भरलं" म्हणाली. मला ते मनाला लागलं. दोघं आयुष्यात पहिल्यांदा आलेत, त्यांना हे नीट अनुभवायला मिळावं असं फार वाटतं.

बाबा अंडं खातात, मांस खात नाहीत, आणि त्यांना मधुमेह आहे. आई अंडंही खात नाही आणि ज्या तव्यावर मांस भाजलंय त्यावरचंही तिला चालत नाही. शिकागोच्या आसपास कुठे जावं, आईसाठी काय मागवावं, ऑर्डर कशी द्यावी? पुढच्या महिन्यात गाडीने स्मोकी माउंटन्सला जाणार आहोत, त्या वाटेवरचं काही असेल तर तेही सांगा.

---

शिकागोचा_पंत

लू मिचेल्स. दुसरा विचारच करू नका.

डाउनटाउनमध्ये जॅक्सन बुलेव्हार्डवर, युनियन स्टेशनपासून अगदी दोन-तीन मिनिटं चालत. १९२३ पासून चालू आहे. विल्यम मिचेल यांनी काढलं आणि मुलाचं, लूचं, नाव दिलं. तीन वर्षांनी १९२६ मध्ये रूट ६६ हा महामार्ग आखला गेला, तो जवळूनच सुरू होतो. त्यामुळे कॅलिफोर्नियाला निघालेले लोक इथे पोटभर खाऊन मग गाडी काढायचे. बाहेर निऑनची जुनी पाटी आहे, जगातली सर्वोत्तम कॉफी मिळेल असं लिहिलेली. आत काउंटर आहे, बूथ म्हणजे समोरासमोर बाकं असलेली टेबलं आहेत, एकमेकांना लागून बसवणारी लांब टेबलं आहेत.

रांगेत उभं राहिलात की हातात टोपली घेऊन कुणीतरी येतं आणि ताजे डोनट होल्स देतं, म्हणजे डोनटचे छोटे गोळे. बायका-मुलांना मिल्क डड्सची, म्हणजे चॉकलेट लावलेल्या कॅरमेलच्या गोळ्यांची, छोटी डबी वेगळी मिळते. मिचेल कुटुंब मूळचं ग्रीक, दारात आलेल्याला आधी काहीतरी गोड द्यायचं ही त्यांची रीत. माझ्या आईला ही गोष्ट इतकी आवडली की सांगलीला परत गेल्यावर (हो, आम्हीही सांगलीचेच, विश्रामबाग) तिने अख्ख्या सोसायटीला सांगितलं. तुमच्या आईंना डोनट देताना जपा, बहुतेक डोनटमध्ये अंडं असतं.

ऑम्लेट आणि अंडी तिथे बिडाच्या पॅनमध्येच टेबलावर येतात, चर्र आवाज करत. दुपारी बंद होतं, तेव्हा सकाळीच जा. गाडी नेऊ नका. नेपरव्हिलहून मेट्राची बीएनएसएफ लाइन थेट युनियन स्टेशनला येते, आई-बाबांना दुमजली रेल्वेचा प्रवासही होईल. शनिवार-रविवार टाळा.

---

सुनंदा_एडिसन

रेवती, तुला एकेरी हाक मारते, माझ्या लेकीच्या वयाची असशील.

मी न्यू जर्सीत एका ग्रीक कुटुंबाच्या डायनरमध्ये, म्हणजे तुझ्या बाबांच्या मनात आहे तशाच काउंटरवाल्या ठिकाणी, सकाळच्या पाळीला वेट्रेस होते. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा ते काम धरलं, गुडघे दुखायला लागले तेव्हा सोडलं. ते दिवस मला फार प्रिय आहेत. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने देते.

ती मुलगी एका दमात का विचारत होती ते आधी सांगते. खिडकीतून स्वयंपाकघरात जाणारं तिकीट, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, पूर्ण भरलेलं असावं लागतं. स्वयंपाक्यासमोर एकाच वेळी आठ-दहा तिकिटं लटकत असतात. अंडी मिनिटा-दीड मिनिटात होतात, बटाट्याला वेळ लागतो, टोस्ट त्याच क्षणी उडी मारून बाहेर यायला हवा, आणि तिन्ही एकाच ताटात गरम पोचायला हवं. अंडी कशी ते लिहिलेलं नसेल तर तो हात थांबवून ओरडून विचारतो, आणि मागची सगळी तिकिटं अडतात. म्हणून वेट्रेस आधीच सगळं वदवून घेते. तिला घाई असते ती ताट गरम पोचवायची, तुम्हाला उठवायची नव्हे. "काहीही चालेल" हे उत्तर तेवढं तिकिटावर लिहिता येत नाही.

म्हणून बाबांना घरीच ठरवू दे, हा माझा पहिला सल्ला. त्यांना सांग की इथे अंड्याच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा. सनी साइड अप म्हणजे एकाच बाजूने तळलेलं, वरचं पिवळं उघडं. ओव्हर ईझी म्हणजे हलकेच उलटलेलं, पांढरं घट्ट पण पिवळं वाहतं. ओव्हर मीडियममध्ये पिवळं अर्धवट आळतं, ओव्हर हार्डमध्ये पूर्ण. स्क्रॅम्बल्ड आपल्या भुर्जीच्या वाटेने जाणारं, पण कांदा-मिरचीशिवाय आणि मऊ. वय झालेल्यांनी कच्चं पिवळं टाळावं असं इथलं आरोग्य खातं सांगतं, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी सूचनाही असते. बाबांना ओव्हर हार्ड किंवा ऑम्लेट सुचव. माझं मत विचारशील तर ग्रीक ऑम्लेट. पालक, टोमॅटो, फेटा चीज. फेटाचा खारटपणा आपल्या जिभेला लगेच पटतो. वेस्टर्न ऑम्लेट नको, त्यात हॅम म्हणजे डुकराचं मांस असतं.

आता आईंचं. इथे तुला स्वयंपाकघर समजून घ्यावं लागेल.

मधोमध एक लांब सपाट पोलादी तवा असतो, ग्रिडल. त्याच्या एका बाजूला बेकन आणि सॉसेज, मध्ये बटाटे, दुसऱ्या बाजूला पॅनकेक. स्वयंपाकी उलथन्याने तवा सारखा खरवडत असतो, पण चरबी वाहतेच. काही ठिकाणी बेकनची चरबी मुद्दाम साठवून त्यावर बटाटे परततात, चव येते म्हणून. त्यामुळे हॅश ब्राउन्स (बटाट्याचा परतलेला किस) किंवा होम फ्राइज (परतलेल्या फोडी) दिसायला शाकाहारी असले तरी आईंना चालणार नाहीत. पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट तिन्हींत अंडं. बिस्किट म्हणजे इथला खारा मऊ पाव, त्यात अंडं बहुधा नसतं, पण काही जण डुकराची चरबी वापरतात, विचारायला हवं. "व्हेजिटेरियन" एवढंच सांगितलंस तर इथे अंडं हमखास येतं. सरळ म्हण, "नो एग, नो मीट, नो बेकन ग्रीस." हे तीन तुकडे आमच्या कुठल्याही वेट्रेसला कळतात आणि ते तसेच तिकिटावर उतरतात.

मग उरतं काय? बरंच. ओटमील वेगळ्या भांड्यात शिजतं, वर केळं, अक्रोड, दालचिनी घालून मागायचं. बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेला गोल पाव, आणि क्रीम चीज, फक्त एग बेगल नको म्हणायचं. इंग्लिश मफिन, हाही एक चपटा गोल पावच. कापलेली फळं, कॉटेज चीज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटाटे वेगळ्या पॅनमध्ये तेलावर करून मागायचे. बहुतेक ठिकाणी ऑम्लेटसाठी छोटे पॅन असतातच, स्वच्छ पॅनमध्ये कांदा, ढोबळी मिरची घालून बटाटे परतून देणं काही अवघड नसतं. पण हे वेळ बघून माग. रविवारी दहा वाजता स्वयंपाक्याला मान वर करायला फुरसत नसते. मंगळवारी-बुधवारी नऊनंतर, कामावर जाणारी माणसं पांगली की तो आनंदाने करतो. आमचा स्वयंपाकी मेक्सिकोतल्या पुएब्लाचा होता. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्याने बटाट्यांत आपल्या डब्यातली हिरवी मिरची चिरून घातली आणि ताट घेऊन स्वतः बाहेर आला. सासूबाई त्याला मराठीतून आशीर्वाद देत होत्या आणि तो हात जोडून उभा.

बाबांच्या साखरेबद्दल. टेबलावरचं सिरप बहुतेक ठिकाणी मक्याच्या साखरेचं असतं. खरं मेपल सिरप वेगळे पैसे देऊन मागावं लागतं. मेपलच्या झाडातून वसंताच्या तोंडाशी पाण्यासारखा रस काढतात, आणि साधारण ४० गॅलन रस आटवला की १ गॅलन सिरप मिळतं. चव निराळीच, पण साखर ती साखरच. एक पॅनकेक मागवून चौघांनी वाटून घ्या आणि सिरप वाटीत बाजूला मागा. बाबा काट्याचं टोक बुडवून चव घेतील, तेवढी पुरते.

कॉफी पुन्हा पुन्हा भरतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नको असेल तर कपावर तळहात धरायचा, बोलावंही लागत नाही. नारिंगी कडा किंवा नारिंगी दांड्याचं भांडं दिसलं तर त्यात डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. सॅन्का नावाच्या डिकॅफ कॉफीचा तो रंग होता, तो पुढे सगळ्यांनीच घेतला. रक्तदाब असेल तर तेच भांडं बोलवा. चहाच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा, गरम पाणी आणि पिशवी येते. सोबत गरम दूध वेगळं मागितलं तर देतात.

टिपबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते, कारण नाश्त्याचं बिल लहान असतं आणि लोक त्या हिशेबाने टिपही लहान ठेवतात. धावपळ मात्र जेवणाइतकीच, कॉफीमुळे जरा जास्तच. टिपवर काम करणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे. टिप धरूनही ७.२५ भरत नसतील तर फरक मालकाने द्यायचा असा कायदा आहे. इलिनॉयमध्ये दर जास्त आहे, तरीही घर टिपवरच चालतं. १८ ते २० टक्के ठेवा, आणि बटाटे वेगळे करून दिले असतील तर थोडे जास्त.

---

एक_सातारकर

मनापासून विचारतो, राग मानू नका. इतक्या लांबून आलेल्या वयस्कर माणसांना तेलकट बटाटे आणि साखरेचा पाक खायला घालायचा कशाला? मधुमेह आहे म्हणता, आईंना निम्मं चालत नाही म्हणता. घरी गरम पोहे करा, डेकवर बसा, निवांत गप्पा मारा. त्या ठिकाणांत खाण्यासारखं आहे काय?

---

सुनंदा_एडिसन

सातारकर, राग कसला. घरचे पोहे होतीलच की.

पण रेवतीच्या बाबांना खायला जायचं नाहीये, बसायला जायचंय. आमच्याकडे एक निवृत्त ट्रकचालक आजोबा रोज सकाळी यायचे. त्यांची गाडी पार्किंगमध्ये वळताना दिसली की स्वयंपाकी दोन अंडी फोडायचा. ते स्टुलावर टेकेपर्यंत ताट समोर. पत्नी गेल्यावर त्यांचं दिवसातलं पहिलं बोलणं आमच्याशी व्हायचं. शेजारच्या स्टुलावर कुणीही नवखा बसला तरी "कुठून आलात?" हा प्रश्न ठरलेला. या देशात माणूस अनोळख्याशी इतक्या सहज फार कमी ठिकाणी बोलतो. आपण घर, गाडी, ऑफिस, पुन्हा घर एवढंच बघतो, आणि आई-बाबांना दाखवतोही तेवढंच. सहा महिने राहून जातात आणि एकाही अमेरिकन माणसाशी दोन वाक्यं बोललेले नसतात.

म्हणून रेवती, बूथ नको, काउंटर माग. बाबांना कडेच्या स्टुलाच्या आतल्या बाजूला बसव, म्हणजे शेजारी मिळेल. आईंना पाठीला आधार लागत असेल तर तेवढं बघ, स्टुलांना पाठ असतेच असं नाही.

---

पीचट्री_नितीन

स्मोकीजला जाणार म्हणताय तर आमच्या दक्षिणेतलं सांगतो. मी अटलांटात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करतो, सकाळी सुटल्यावर घरी जायच्या आधी वॉफल हाउस या नाश्त्याच्या साखळीतलं एखादं ठिकाण हे ठरलेलं. केंटकीत शिरलात की महामार्गाच्या बाहेर पडायच्या वाटेवर पिवळी पाटी दिसायला लागेल.

१९५५ मध्ये अटलांटाजवळ ॲव्हनडेल इस्टेट्सला जो रॉजर्स आणि टॉम फोर्कनर या दोन शेजाऱ्यांनी पहिलं काढलं. त्या मूळ जागेत आता छोटं संग्रहालय आहे. चोवीस तास, वर्षभर चालू. वादळात वॉफल हाउस बंद पडलं तर त्या भागाचं नुकसान मोठं आहे असं समजावं, ही फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती-निवारण संस्थेचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फ्यूगेट यांची मोजपट्टी प्रसिद्ध आहे. आमच्याकडे वादळाच्या दिवसांत लोक खरोखर ही चौकशी करतात.

काकांना तिथे काउंटरवर जरूर बसवा, कारण स्वयंपाक डोळ्यांसमोर चालतो. वेट्रेस तिकीट आत देत नाही, जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेवर उभी राहून मोठ्याने ऑर्डर पुकारते. आधी "पुल", म्हणजे मांस बाहेर काढा, मग "ड्रॉप", म्हणजे बटाटे तव्यावर टाका, मग "मार्क", म्हणजे ताटाला खूण करा. स्वयंपाकी काही लिहीत नाही. रिकाम्या ताटावर जॅमची पुडी, मेयोनेजची पुडी, लोणच्याची चकती ठेवत जातो. कुठली पुडी, ताटाच्या कुठल्या जागी, उलटी की सुलटी, यावरून त्याला कुठलं ताट कशाचं ते कळतं. गर्दीच्या वेळी दहा-बारा ताटं अशी मांडून ठेवलेली असतात आणि एकही चुकत नाही. रात्रभर नमुन्यांच्या नळ्यांना लेबलं लावून आलेला मी, ते बघत बसतो. मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे.

बटाट्याच्या किसाची तिथली भाषा वेगळी. स्कॅटर्ड म्हणजे तव्यावर पसरून कुरकुरीत, स्मदर्ड म्हणजे कांदा, कव्हर्ड म्हणजे चीज, डाइस्ड म्हणजे टोमॅटो, पेपर्ड म्हणजे हालापेन्यो मिरची, कॅप्ड म्हणजे मश्रूम. काकांसाठी "स्कॅटर्ड, स्मदर्ड, पेपर्ड" मागा. चंक्ड नको, त्यात हॅम. टॉप्ड आणि कंट्री नकोत, दोन्हींत मांसाचं काहीतरी आहे.

काकूंसाठी ग्रिट्स. पांढऱ्या मक्याचा भरडा पाण्यात मऊ शिजवलेला, आपल्या ज्वारीच्या कण्यांच्या जवळचा. दक्षिणेत हे सकाळचं मुख्य अन्न. वर लोणी आणि मिरपूड घालून खायचं, पर्समध्ये लसणाची चटणी असेल तर उत्तमच. साधे ग्रिट्स मागा, आणि शिजवताना मांसाचं काही घातलेलं नाही ना हे सुनंदाताई म्हणतात तसं विचारून घ्या. तव्याशी संबंध नाही, अंडं नाही.

आणि स्मोकीजच्या पायथ्याशी गॅटलिनबर्गला पोचलात की पॅनकेक पँट्री. १९६० पासून आहे, टेनेसीतलं पहिलं पॅनकेक हाउस. पानगळीचे रंग बघायला आलेल्या लोकांची ऑक्टोबरात मोठी रांग असते, उघडतानाच जा.

---

रेवती_नेपरव्हिल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ओव्हर हार्ड की ग्रीक ऑम्लेट यावर अजून निर्णय व्हायचाय, आणि पुड्यांच्या खुणांचं पुन्हा एकदा वाचायला लावलं. आईला ग्रिट्स पटले, चटणी ती आजच कुटतेय.

बुधवारी सकाळी मेट्राने लू मिचेल्सला जायचं ठरवलंय. दोन शंका. आम्ही चौघं काउंटरवर एका ओळीत बसलो तर तिथल्या लोकांची अडचण होते का? आणि एक पॅनकेक वाटून घेतला तर ते नाराज होतात का?

---

शिकागोचा_पंत

बुधवार उत्तम. ऑफिसला जाणाऱ्यांची गाडी सोडा, त्यानंतरची धरा, बसायला जागा मिळेल.

---

सुनंदा_एडिसन

चौघं ओळीत बसलात तर टोकाच्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही, बाकी अडचण काही नाही. बाबा आणि तू काउंटरवर, आई आणि जावईबापू जवळच्या टेबलावर असंही चालेल, फक्त आधी सांग की बिल एकच. वाटून घ्यायला कुणी ना म्हणत नाही. काही ठिकाणी जादा ताटाचे थोडे पैसे लावतात, ते मेनूवर लिहिलेलं असतं. "टू एक्स्ट्रा प्लेट्स, प्लीज" हे ऑर्डर देतानाच सांग, म्हणजे ताटं गरम असताना येतात. आणि आईंच्या बटाट्यांचं बाकी सगळ्यांच्या आधी सांग, वेगळा पॅन चढवायला त्याला वेळ लागतो.